लाईट बिलातले रस्त्याचे भाडे

4 मार्च 2014 रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्याची राजधानी असलेल्या डी मॉइन शहरातल्या मतदारांपुढे एक विचित्र प्रश्न आला. शहराने वीज आणि गॅसच्या बिलांतून वर्षानुवर्षे ग्राहकांकडून बेकायदा पैसे घेतले, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. परत करायची रक्कम होती सुमारे 4 कोटी डॉलर. एवढे पैसे पालिकेच्या तिजोरीत नव्हते. म्हणून पालिकेने मतदारांना विचारले, की परतफेडीसाठी याच बिलांवरची हीच फी काही वर्षे 5 टक्क्यांवरून साडेसात टक्के करू का? मतदारांनी साफ नकार दिला. तेव्हा उरला एकच मार्ग, मालमत्ता कराचा. ज्यांच्या हातात परतावा पडणार होता, त्यांच्यातल्या अनेकांच्या घरपट्टीतूनच तो उभा राहणार होता.

ज्या फीवरून हे घडले तिला अमेरिकेत फ्रँचायझी फी म्हणतात. वीज, गॅस, टेलिफोन, केबल यांच्या कंपन्यांना गावातल्या रस्त्यांवर खांब उभारावे लागतात, पदपथाखालून वाहिन्या न्याव्या लागतात. रस्ते नगरपालिकेचे. ते वापरण्याची परवानगी म्हणजे फ्रँचायझी, आणि त्या परवानगीपोटी कंपनीने पालिकेला द्यायचा मोबदला म्हणजे ही फी. ती बहुतेक ठिकाणी त्या शहरातल्या ग्राहकांकडून कंपनीला मिळणाऱ्या एकूण बिलाच्या टक्क्यांत मोजतात. कुठे 2 टक्के, कुठे 3, आयोवात कमाल 5, फ्लोरिडातल्या बऱ्याच शहरांत 6. दीडशे डॉलरचे बिल आले, तर 5 टक्क्यांच्या हिशेबाने त्यात साडेसात डॉलर पालिकेचे. कंपनी ते गोळा करते आणि पुढे पाठवते. तिच्या स्वतःच्या नफ्यातून काही जात नाही.

खरी मेख इथेच आहे. कागदावर फी कंपनीवर बसते, पण भरतो नागरिक. आणि अमेरिकेतल्या शेकडो गावांच्या पालिका सभांमध्ये ही फी लावायची का, वाढवायची का, यावर जे वाद होतात, ते सगळे याच एका गोष्टीभोवती फिरतात.

रस्त्याचे भाडे मागण्याचा शहराचा हक्क जुना आहे आणि माझ्या मते रास्तही आहे. 1880च्या दशकात सेंट लुइस शहराने तार आणि टेलिफोन कंपन्यांना सांगितले, की आमच्या रस्त्यांत रोवलेल्या प्रत्येक खांबामागे वर्षाला 5 डॉलर द्या. वेस्टर्न युनियन ही बलाढ्य तार कंपनी कोर्टात गेली. तिचे म्हणणे असे, की 1866च्या केंद्रीय कायद्याने टपाल मार्गांवर तारा नेण्याचा अधिकार आम्हाला दिला आहे, मग शहराला पैसे कशाचे? 1893 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शहराचा हा हक्क तत्त्वतः मान्य केला. न्यायालयाने जो भेद केला तो समजायला सोपा आहे. रस्त्यावरून गाडी जाते, पुढे सरकते, आणि ती जागा पुन्हा सर्वांसाठी मोकळी होते. खांब मात्र एकदा रोवला की तेवढी जमीन कायमची अडवून बसतो, तिथे दुसऱ्या कुणाला उभे राहता येत नाही. सार्वजनिक जागा अशी एकट्याने व्यापायची, तर तिचे भाडे मागणे गैर नाही.

त्या काळात हा हक्क किती मोलाचा होता हे शिकागोत दिसले. तिथे चार्ल्स यर्क्सने ट्रामचे जाळे उभारले होते आणि नगरसेवकांना पैसे चारून रस्त्यांचे हक्क मिळवण्याबद्दल तो कुप्रसिद्ध होता. 1897 साली राज्याने कायदा करून अशा परवानग्यांची मुदत 50 वर्षांपर्यंत वाढवण्याची सोय केली, तेव्हा शहर पेटले. पुढच्या वर्षी ठराव पालिकेत आला तेव्हा लोक दोरखंडाचे फास घेऊन सभागृहापर्यंत गेले होते. ठराव बारगळला आणि 1899 मध्ये कायदाही रद्द झाला. पुढे 1907 मध्ये विस्कॉन्सिन आणि न्यूयॉर्क या राज्यांनी सेवा कंपन्यांवर राज्य पातळीचे नियामक आयोग नेमले. दर ठरवण्याचे काम हळूहळू पालिकांच्या हातून निघून आयोगांकडे गेले. पालिकांकडे रस्ता तेवढा उरला, आणि रस्त्याबरोबर ही फी.

दर ठरवणारा एक, भाडे मागणारा दुसरा, अशी वाटणी झाल्यावर भाड्याचा बोजा कुणावर टाकायचा हा प्रश्न आयोगाकडे येतो. समजा एका वीज कंपनीचे ग्राहक चाळीस गावांत आहेत. त्यांतल्या एका शहराने 5 टक्के फी लावली. ती कंपनीच्या सर्वसाधारण दरात मिसळली, तर दूरच्या खेड्यातला शेतकरीही त्या शहराच्या उत्पन्नात भर घालत राहणार. म्हणून अनेक राज्यांत नियम असा, की ज्या शहराने फी लावली त्याच शहरातल्या बिलांवर ती वेगळ्या ओळीत दाखवायची. नियम न्यायाचा आहे. त्याचा एक चांगला परिणामही होतो, तो म्हणजे ओळ दिसते. ज्या राज्यांत फी दरातच विरघळते, तिथे ग्राहकाला आपण ती भरतो याचा पत्ताही नसतो. टेक्सासच्या बहुतेक भागात विजेवरची ही फी युनिटमागे मोजली जाते आणि वीज वाहून नेण्याच्या दरात सामावते. तिथला माणूस बिल कितीही बारकाईने वाचो, ती सापडणार नाही.

डी मॉइनला ही फी का वाढवावीशी वाटली, हे समजून घेण्यासारखे आहे. नव्या शतकाच्या सुरुवातीला आयोवा राज्याने शहरांना मिळणारी मदत आखडती घेतली. शहराचे मुख्य उत्पन्न मालमत्ता कराचे. पण राजधानीचे शहर असल्यामुळे राज्य सरकारच्या इमारती, विद्यापीठ, मोठी रुग्णालये, चर्च अशा कितीतरी मिळकतींना मालमत्ता कर माफ. अग्निशामक बंब त्यांच्याकडेही धावतो, बर्फ त्यांच्यासमोरच्या रस्त्यावरूनही हटवावा लागतो. वीज मात्र प्रत्येकजण वापरतो. त्याच सुमारास राज्याने घरगुती वीज-गॅसवरचा विक्रीकर टप्प्याटप्प्याने काढून टाकायला घेतला होता, त्यामुळे बिलात जागाही झाली होती. पालिकेने फी वाढवत 5 टक्क्यांपर्यंत नेली. कारभाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर हा विचार काही वेडगळ नव्हता.

2004 साली शहरातल्या एका रहिवासी महिलेने सर्व ग्राहकांच्या वतीने दावा लावला. ही फी नसून कर आहे, आणि कर लावण्याचा अधिकार शहराला नाही, एवढेच तिचे म्हणणे. आयोवाच्या राज्यघटनेत 1968 साली शहरांना स्वायत्तता देणारी दुरुस्ती झाली. पण तिच्यातच एक अट आहे. विधिमंडळाने स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज शहराने कोणताही कर बसवायचा नाही. 2006 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रेषा आखली. कंपनीच्या तारा-वाहिन्यांमुळे शहराला जो खर्च येतो, म्हणजे देखरेख, तपासणी, खोदकामाची व्यवस्था वगैरे, त्याच्याशी वाजवी प्रमाणात असेल तेवढी फी वैध. त्यावरचे सगळे बेकायदा कर.

मग हिशेब करायची वेळ आली, आणि हा हिशेब वाटतो तितका सोपा नाही. गॅसची वाहिनी दुरुस्त करायची म्हणून रस्त्यावर आडवा चर खोदला. कंपनीने तो माती-खडी भरून बुजवला, वर डांबर टाकले, निरीक्षकाने येऊन पाहिले. इथवरचा खर्च वहीत लिहिता येतो. पण जुने आणि नवे डांबर जिथे भेटते त्या सांध्यातून पावसाचे पाणी आत उतरते. हिवाळ्यात ते गोठून फुगते, भेग रुंदावते. चरातली भर कितीही ठोकली तरी मूळ थरासारखी बसत नाही, काही महिन्यांत तिथे खळगा पडतो. रस्ता जितकी वर्षे टिकायला हवा त्याच्या आधीच उखडावा लागतो. हे कमी झालेले आयुष्य कुणाच्या खात्यावर मांडायचे? पुण्या-मुंबईत ज्याने चर बुजवल्यानंतरचा पहिला पावसाळा पाहिला आहे, त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही. असे सगळे खर्च धरूनही डी मॉइनची वसुली फार जास्त ठरली. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परताव्याचा आदेश कायम केला.

पालिकेने एक युक्तिवाद शेवटपर्यंत लावून धरला होता. परतावा द्यायचा तर कर वाढवावा लागेल, आणि तो कर तेच ग्राहक भरतील, मग या उजव्या खिशातून डाव्या खिशात पैसे हलवण्याला अर्थ काय? न्यायालयाने तो मानला नाही, आणि मला ते बरोबर वाटते. बेकायदा वसुली परत करणे गैरसोयीचे आहे म्हणून ती वैध होत नसते. शिवाय खिसे खरोखर एकच नसतात. भाडेकरूला परतावा मिळतो, पण त्याच्या नावावर घरपट्टी नसते. कर माफ असलेल्या रुग्णालयाला परतावा मिळतो, आणि त्याची भरपाई शेजारचा दुकानदार करतो. पैशाची ही फेरी संपते तेव्हा प्रत्येकजण पूर्वीच्या जागी परत आलेला नसतो.

दरम्यान 2009 मध्ये आयोवाच्या विधिमंडळाने कायदाच बदलला. 5 टक्क्यांपर्यंतची फी खर्चाच्या हिशेबाशिवाय लावायला शहरांना परवानगी मिळाली. मात्र खर्चापेक्षा जास्त वसूल होणारा पैसा कशावर वापरणार, हे आधी लेखी जाहीर करावे लागते.

आयोवाच्या न्यायालयाने फीचे माप ठरवले ते शहराच्या खर्चाचे. कॅलिफोर्नियाने वेगळेच माप काढले. सांता बार्बारा शहराचा सदर्न कॅलिफोर्निया एडिसन या वीज कंपनीशी 1999 मध्ये करार झाला, त्यात फी 1 टक्क्यावरून 2 टक्के झाली. पहिला टक्का दरात सामावलेला, दुसरा शहरातल्या बिलांवर वेगळ्या ओळीत. कॅलिफोर्नियात 1996च्या लोकप्रस्तावानुसार पालिकेला नवा कर लावायचा तर मतदान घ्यावे लागते. ते घेतले नव्हते. दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2017 मध्ये निकाल आला. न्यायालय म्हणाले, शहर इथे स्वतःच्या मालकीच्या वस्तूचा हक्क विकते आहे. त्या हक्काचे जे मोल असेल त्याच्याशी फी वाजवी प्रमाणात असेल तर तो कर नव्हे. ग्राहकांवर बोजा पडतो एवढ्यानेही तो कर होत नाही. मोलापेक्षा जास्त घेतले, तर मात्र कर.

आता रस्त्याखालच्या जागेचे मोल काढायचे कसे? शेजारच्या प्लॉटचा भाव लावून चालत नाही, कारण असा हक्क बाजारात विकला जात नाही. न्यायालयाने सुचवले, की शहर आणि कंपनी यांच्यात खऱ्याखुऱ्या वाटाघाटी होऊन आकडा ठरला असेल, तर तो मोलाचा पुरावा मानता येईल. मला हा आधार लंगडा वाटतो. घासाघीस खरी होते ती देणाऱ्याच्या स्वतःच्या खिशाला झळ लागते तेव्हा. जो दुसरा टक्का कंपनीला जसाच्या तसा ग्राहकाच्या बिलावर चढवता येतो, त्यासाठी ती शहराशी कशाला भांडेल? ज्याला भरायचे आहे तो त्या टेबलाशी बसलेलाच नसतो. ही शंका निकालात उमटलेली आहे, पण तिचे उत्तर पुढच्या सुनावण्यांवर सोपवलेले आहे.

शुल्क आणि कर यांतला हा भेद आपल्याला नवा नाही. 1954 साली शिरूर मठाच्या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मांडला. कर सर्वसाधारण तिजोरीत जातो, त्याच्या बदल्यात भरणाऱ्याला ठरावीक सेवा मिळेलच असे नाही. शुल्क मात्र दिलेल्या सेवेच्या बदल्यात असते. विजेच्या बाबतीत आपल्या राज्यघटनेने प्रश्न वेगळ्या रीतीने मिटवला आहे. विजेच्या वापरावर कर बसवण्याचा अधिकार राज्यांचा. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार यांच्याखाली 'वीज शुल्क' म्हणून जी ओळ असते, आणि जी घरगुती ग्राहकाला 16 टक्के पडते, ती राज्य सरकारकडे जाते. ज्या रस्त्यावर खांब उभे आहेत त्या गावाच्या नगरपालिकेकडे जात नाही. दूरसंचार कंपन्यांच्या बाबतीत तर 2016च्या केंद्रीय नियमांनी स्थानिक संस्थांना किलोमीटरमागे फार तर 1,000 रुपये प्रशासकीय खर्च आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च एवढेच घेऊ दिले. भाडे नाहीच. इंटरनेट स्वस्तात सर्वदूर पोचावे हा हेतू चांगला आहे. पण रस्ता पूर्ववत करणे म्हणजे चर बुजवणे एवढाच अर्थ घेतला, तर रस्त्याचे घटलेले आयुष्य पालिकेच्या माथी राहते.

बिलात दुसऱ्याच कामाचा खर्च घालण्याचा अनुभव मात्र मुंबईला आहे. बेस्ट उपक्रम शहर भागात वीजही पुरवतो आणि बसही चालवतो. बसचा तोटा भरून काढण्यासाठी बेस्टने काही वर्षे वीजग्राहकांच्या बिलात वेगळा आकार लावला होता. उपनगरांतले लाखो लोक त्याच बसमधून फिरत, पण त्यांची वीज दुसऱ्या कंपन्यांची, म्हणून त्यांना तो भरावा लागत नसे. बस चालायलाच हवी यावर कुणाचा वाद नव्हता. ती फक्त कुलाबा ते सायन-माहीम पट्ट्यातल्या विजेच्या मीटरवर का चालावी, हा वाद होता आणि तो योग्यच होता.

अमेरिकेतल्या पालिका सभांत फीच्या विरोधात उभे राहणारे लोक बहुधा हाच मुद्दा आपापल्या परीने मांडतात. पेन्शनवर जगणारी आजी सांगते, की हिवाळ्यात गॅस जाळणे ही माझी चैन नाही. टक्केवारीची फी तिच्यासारख्यांना जास्त बोचते, कारण जुन्या, थंडी आत येणाऱ्या भाड्याच्या घरात गॅस जास्त जळतो. नव्या पक्क्या घरात राहणाऱ्याचे उत्पन्न दुप्पट असले तरी बिल कमी येऊ शकते. मालमत्ता करात निदान मोठ्या घराला मोठा कर असतो. आणखी एक दोष असा, की गॅसचा भाव वाढला की पालिकेचे उत्पन्न आपोआप वाढते. रस्ता तेवढाच, खांब तेवढेच, आणि भाडे मात्र वाढलेले.

हा दोष टाळायला मिनेसोटातल्या अनेक लहान शहरांनी टक्केवारी सोडून दर मीटरमागे महिन्याला ठरावीक रक्कम घेण्याची पद्धत धरली आहे. घरगुती ग्राहकाला काही डॉलर, मोठ्या कारखान्याला बरेच जास्त. तिथे ही फी पुढे येण्यामागे एक जुने दुखणे आहे. गल्लीतला रस्ता नव्याने करायचा झाला की त्या रस्त्याला लागून असलेल्या घरमालकांवर एकरकमी आकारणी होते, आणि हजारो डॉलरचे ते पत्र आले की घरात कलह होतो. त्याऐवजी सगळ्या गावाने दरमहा थोडे थोडे भरावे आणि त्यातून पाळीपाळीने रस्ते करावेत, हा विचार लोकांना पटण्याजोगा आहे. फक्त ज्याने गेल्याच वर्षी आपल्या गल्लीचे पैसे भरलेत तो उठून विचारतो, की मी आता दुसऱ्यांदा भरू का? यावर समाधानकारक उत्तर मी तरी अजून वाचलेले नाही. एडायना शहराने ही फी पदपथ आणि सायकलमार्गांना वाहिली. मिनियापोलिसने 2017 मध्ये आणि पुन्हा 2023 मध्ये फी वाढवली, ती घरांत थंडी शिरू नये म्हणून करायच्या कामांसारख्या हवामानविषयक योजनांसाठी. ज्या बिलातून पैसा घेतला तेच बिल कमी करण्यावर तो खर्च होत असेल, तर त्या फीची बाजू मला सर्वांत भक्कम वाटते.

माझे मत विचाराल तर शहरांनी रस्त्याचे भाडे जरूर घ्यावे. तो हक्क सोडून देणे म्हणजे सार्वजनिक जमीन खासगी कंपनीला फुकट देणे आहे. पण पोलीस, ग्रंथालय, अग्निशमन यांच्यासाठी पैसा हवा असेल तर तो कर आहे असे सांगून, मतदान घेऊन मागावा.

असे करता येते हे कोलोरॅडोतल्या बोल्डर शहराने दाखवले आहे. एक्सेल एनर्जी या वीज कंपनीशी असलेला त्यांचा वीस वर्षांचा करार 2010च्या अखेरीस संपत होता. नूतनीकरण करायचे नाही असे ठरले, तर फी बंद होऊन शहराच्या तिजोरीत मोठे भगदाड पडणार होते. शहराने त्या नोव्हेंबरमध्ये मतपत्रिकेवर सरळ प्रश्न ठेवला. फीइतकीच रक्कम आता कर म्हणून देणार का? लोकांनी होकार दिला. पुढच्या वर्षी शहराने स्वतःची वीज कंपनी काढण्याच्या प्रयत्नालाही मंजुरी मिळाली आणि जवळपास दहा वर्षे कोर्टकचेऱ्या, आयोगापुढच्या सुनावण्या आणि वाटाघाटी चालल्या. नोव्हेंबर 2020 मध्ये मतदारांनी तो प्रयत्न थांबवून एक्सेलबरोबर पुन्हा वीस वर्षांचा फ्रँचायझी करार मान्य केला. त्यात एक कलम असे आहे, की ठरलेल्या टप्प्यांवर शहराला करारातून बाहेर पडता येईल.